तीन हजार पाकिटांची ऑर्डर आणि जगातलं सगळ्यात मोठं दुकान

गेल्या महिन्यात आमच्या प्रभाग संघाच्या बैठकीत एक कागद आला. शहरात आठ-दहा दुकानं असलेल्या एका साखळीचा खरेदी अधिकारी तो देऊन गेला होता. त्यांना आमची शेंगदाणा चटणी हवी होती. महिन्याला तीन हजार पाकिटं, दोनशे ग्रॅमचं एक, दर बावन्न रुपये. कागद वाचून झाला तशी बैठकीत टाळीच पडली. जत्रेत, प्रदर्शनात चार-चार दिवस उन्हात बसून दीडशे पाकिटं खपवणाऱ्या बायांना तीन हजार हा आकडा ऐकून आनंद होणारच. आम्हालाही झाला.

मग आमच्या कोषाध्यक्ष वहिनींनी वही काढली. त्या सातवी शिकलेल्या, पण हिशोबात कुणाला ऐकायच्या नाहीत. शेंगदाणे, मिरची, लसूण, मीठ, पाकीट, लेबल, वीज, वाहतूक असं सगळं धरून एक किलो चटणीला आम्हाला २४० रुपये खर्च येतो. किलोची पाच पाकिटं होतात. बावन्नच्या दरानं हाती येणार २६०. म्हणजे भाजणं, सोलणं, कुटणं, भरणं या सगळ्या मजुरीला किलोमागं उरले वीस रुपये. एक बाई दिवसाला पाच किलोचं काम करते. दिवसाचे झाले शंभर रुपये. आमच्याकडे खुरपणीला तीनशे मिळतात.

बैठकीत जरा शांतता झाली. तेवढ्यात एक तरुण सून म्हणाली, "अहो ताई, पण मोठं गिऱ्हाईक आहे. एकदा पाय ठेवला की पुढं दर वाढवून मागू की." ही गोष्ट आम्हालाही खरी वाटत होती. म्हणून संघाचं काम बघणाऱ्या आम्ही दोघी-तिघींनी ठरवलं, की मोठं गिऱ्हाईक मिळाल्यावर पुढं काय होतं ते जरा वाचून, विचारून घ्यायचं. आणि बघायचंच तर सगळ्यात मोठ्या गिऱ्हाइकाचं बघायचं. आजचं बोलणं त्यावरच आहे.

अमेरिकेत वॉलमार्ट नावाची दुकानांची साखळी आहे. १९६२ साली अर्कान्सा राज्यातल्या रॉजर्स या छोट्या गावात सॅम वॉल्टन या माणसानं पहिलं दुकान उघडलं. आज जगभरात त्यांची दहा हजारांहून जास्त दुकानं आहेत आणि सुमारे एकवीस लाख माणसं तिथं नोकरीला आहेत. भाजीपासून टायरपर्यंत सगळं एका छपराखाली, आणि सगळ्यात स्वस्त. वॉल्टन साहेबांचा विचार साधा होता. एका नगामागं नफा कमी घ्यायचा आणि नग भरमसाट विकायचे. यात वाईट काहीच नाही. महिनाअखेरीला घर चालवणाऱ्या बाईला दोन पैसे कमी दर हवाच असतो, अमेरिकेतल्या बाईलाही आणि आपल्यालाही. पण स्वस्त विकायचं तर स्वस्तात घ्यावं लागतं, आणि दुकान चालवायचा खर्चही कमी ठेवावा लागतो. हे दोन्ही कुणाच्या अंगावर गेलं, तिथून खरी कथा सुरू होते.

आता लोणच्याची गोष्ट ऐका. ही आमच्या बैठकीत सगळ्यात जास्त रंगली.

व्लासिक नावाची अमेरिकेतली लोणच्याची नामांकित कंपनी. तिकडं लोणचं म्हणजे व्हिनेगर-मिठाच्या पाण्यात मुरवलेल्या काकड्या. या कंपनीची एक गॅलनची, म्हणजे जवळपास पावणेचार लिटरची मोठी बरणी होती. वॉलमार्टनं १९९० नंतरच्या दशकात ती बरणी दोन डॉलर सत्त्याण्णव सेंटला विकायला ठेवली. त्या वेळच्या भावानं आपले शंभर-सव्वाशे रुपये धरा. दारातच बरण्यांची रास. लोक बघायचे आणि उचलायचे. चार्ल्स फिशमन या पत्रकारानं २००३ साली हा सगळा प्रकार लिहिला. त्याच्या लेखाप्रमाणं एका बरणीमागं कंपनीला एक-दोन सेंट सुटत होते. म्हणजे आपल्या हिशोबानं एक रुपयासुद्धा धड नाही.

तुम्ही म्हणाल, नफा कमी असला तरी खप किती! आम्हीही तेच म्हणालो. पण घोळ पुढं झाला. एवढी मोठी बरणी घरी नेलेला माणूस वर्षभर दुसरं लोणचं घेईना. कंपनीच्या ज्या छोट्या बरण्यांवर, तुकड्यांच्या बाटल्यांवर बरा नफा होता, त्यांची दुसऱ्या दुकानातली विक्री घसरली. मोठ्या बरणीतल्या बऱ्याच काकड्या तर घरोघरी बुरशी येऊन फेकल्या जात होत्या. स्वतःच्याच स्वस्त मालानं स्वतःचा चांगला माल मारला.

कंपनीनं मग दर थोडा वाढवून मागितला. साडेतीन डॉलरच्या आसपास तरी करू द्या म्हणाले. व्लासिकच्या माजी अधिकाऱ्यानं फिशमनला सांगितलं, की तसं केलंत तर तुमचा बाकीचा मालही आम्ही घेणार नाही, असं उत्तर मिळालं. वॉलमार्ट हे त्यांचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक होतं. ते गेलं असतं तर कारखान्यानं करायचं काय? बऱ्याच काळानं त्यांना बरणी लहान करायची मोकळीक मिळाली. २००१ च्या जानेवारीत व्लासिकनं दिवाळखोरीचा अर्ज केला. खरं सांगायचं तर दिवाळं काही एकट्या त्या बरणीनं काढलं नाही, कंपनीवर आधीपासून कर्ज होतं. पण कर्ज डोक्यावर असताना ज्या मालात कमवायचं तोच माल फुकटच्या भावात जात होता, हेही तितकंच खरं.

ही गोष्ट सांगितल्यावर आमच्या अध्यक्ष काकू म्हणाल्या, "म्हणजे पहिल्या दिवशी नाही म्हणता येतं, दुसऱ्या वर्षी नाही." त्या सुनेनं यावर काही उत्तर दिलं नाही, पण तिनं कागद परत मागून घेतला आणि नीट वाचायला लागली.

माल देणाऱ्याचं हे झालं. आता दुकानात उभं राहून काम करणाऱ्यांचं बघू. तिथं बायाच जास्त आहेत.

अमेरिकेत पगार तासावर असतो. आल्यावर कार्ड टोचायचं, जाताना टोचायचं, मधल्या तासांचे पैसे. वॉलमार्टवर जागोजाग तक्रारी झाल्या, की कार्ड टोचून 'गेले' म्हणून नोंद झाल्यावरही काम करून घेतात, जेवणाची आणि विश्रांतीची सुट्टी बुडवायला लावतात. पेनसिल्व्हेनिया राज्यात सुमारे एक लाख ८७ हजार कामगारांच्या वतीनं खटला चालला. २००६ साली निकाल कामगारांच्या बाजूनं लागला, कंपनी वरच्या कोर्टात गेली, आणि २०१४ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानंही तो कायम केला. त्याच्या आधी, २००८ च्या डिसेंबरात, ४२ राज्यांमधले असेच ६३ दावे मिटवण्यासाठी कंपनीनं ६४ कोटी डॉलरपर्यंत रक्कम द्यायचं कबूल केलं होतं. दहा-पंधरा मिनिटांची सुट्टी म्हणजे क्षुल्लक वाटते ना? लाखो माणसांच्या दहा-दहा मिनिटांची किंमत किती होते ते या आकड्यावरून कळतं. रोजगार हमीच्या कामावर मस्टर भरताना आपण अर्ध्या दिवसासाठी का भांडतो, ते यामुळंच.

आणि बेटी ड्यूक्स. हे नाव लक्षात ठेवण्यासारखं आहे. कॅलिफोर्नियातल्या पिट्सबर्ग नावाच्या गावी ही बाई १९९४ साली वॉलमार्टमध्ये गल्ल्यावर कामाला लागली, तासाला पाच डॉलरवर. तिला वरच्या जागेवर जायचं होतं. तिचं म्हणणं असं, की बायांना वरच्या कामाचं प्रशिक्षणच मिळत नाही, जागा निघाल्याचं कळतसुद्धा नाही, पुरुष मात्र पुढं जातात. २००१ साली तिनं आणि आणखी काही जणींनी दावा लावला. त्यात आकडे मांडले गेले ते असे : तासावर काम करणाऱ्यांत साधारण शंभरात सत्तर बाया, आणि व्यवस्थापकांत शंभरात तेहेतीस. दावा वाढत वाढत सुमारे पंधरा लाख बायांच्या नावानं उभा राहिला.

२०११ च्या जूनमध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं तो दावा एकत्र चालवायला नकार दिला. भेदभाव झाला नाही, असं कोर्ट म्हणालं नाही. कोर्टाचं म्हणणं होतं, की हजारो दुकानांत वेगवेगळ्या व्यवस्थापकांनी वेगवेगळे निर्णय घेतले, त्याला एका माळेत ओवता येणार नाही. मुख्य मुद्द्यावर नऊपैकी पाच न्यायाधीश एका बाजूला आणि चार दुसऱ्या. त्या वेळी न्यायालयात तीन बाया न्यायाधीश होत्या, त्या तिघीही विरुद्ध बाजूच्या चौघांत होत्या. मग पुढं ज्यांना लढायचं त्यांनी लहान लहान गटांनी, एकेकटीनं लढावं, अशी वेळ आली. बेटी ड्यूक्स २०१७ साली वारली. एकटीनं कोर्टाची पायरी चढणं म्हणजे काय, ते आपल्यातल्या जमिनीच्या वाटणीसाठी तालुक्याला खेटे घातलेल्या बायांना वेगळं सांगायला नको.

संघटना करायची म्हटलं तर? टेक्सास राज्यात एका दुकानातल्या मटण कापणाऱ्या कामगारांनी २००० साली मतदान करून संघटना निवडली. दोन आठवड्यांच्या आत कंपनीनं जाहीर केलं, की आता आम्ही आधीच कापून बांधलेलं मटण विकणार. कापायचं कामच गेलं. कंपनी म्हणाली, हे आमचं आधीच ठरलं होतं. कॅनडात क्युबेक प्रांतातल्या जोंकिएर गावी २००४ साली दुकानाच्या कामगारांची संघटना मान्य झाली, आणि २००५ च्या एप्रिलात दुकानच बंद झालं. जवळपास १९० माणसं घरी बसली. दुकान तोट्यात होतं, हे कंपनीचं कारण. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयानं २०१४ साली सांगितलं, की त्या बंदमुळं तिथला कामगार कायदा मोडला गेला. निकाल बरोबर लागला, पण नऊ वर्षांनी.

पगार किती कमी होता, याची एक खूण सांगतो. २०१३ च्या नोव्हेंबरात ओहायो राज्यातल्या कँटन गावच्या दुकानात, कामगारांच्या जागेत, डबे ठेवलेले सापडले. वर लिहिलेलं, गरजू सहकाऱ्यांना सणाचं जेवण करता यावं म्हणून इथं खाण्याच्या वस्तू टाका. कामगारच कामगारांसाठी दान गोळा करत होते. कंपनी म्हणाली, यातून आमची माणसं एकमेकांची किती काळजी घेतात ते दिसतं. आम्हाला त्यात काळजीही दिसली आणि दुसरंही दिसलं. सरकारी रेशनाच्या मदतीवर असलेले कामगार ज्या कंपन्यांत सगळ्यात जास्त आहेत, त्यांत वॉलमार्टचं नाव वर असल्याचं अमेरिकी सरकारच्याच २०२० च्या अहवालात आहे. म्हणजे पगारातलं कमी पडलेलं सरकारच्या तिजोरीतून भरलं जातं, आणि ती तिजोरी शेवटी लोकांचीच.

पण बायांनी सोडलं नाही. २०१२ च्या नोव्हेंबरात, तिकडच्या सगळ्यात मोठ्या खरेदीच्या दिवशी, अनेक ठिकाणी कामगार दुकानाबाहेर उभे राहिले. युनियन म्हणून मान्यता नव्हती, तरी एकत्र आले. पुढं २०१५ साली कंपनीनं किमान पगार तासाला नऊ डॉलर आणि पुढच्या वर्षी दहा डॉलर करायचं जाहीर केलं. त्या वेळी कायद्यानं ठरवलेला देशभरचा किमान दर सव्वासात डॉलर होता. एकट्या आंदोलनानं झालं असं नाही, माणसं टिकत नव्हती हेही कारण होतं. पण गप्प बसून झालं असतं, असं आम्हाला वाटत नाही.

दुकानात विकले जाणारे कपडे शिवतं कोण, हा आणखी एक धागा. २४ नोव्हेंबर २०१२ ला बांगलादेशात ढाक्याजवळ ताझरीन फॅशन्स या कारखान्याला आग लागली. किमान ११२ माणसं मेली, त्यात शिवणकाम करणाऱ्या बायाच जास्त. बाहेर पडायला पुरेसे सुरक्षित रस्ते नव्हते. जळालेल्या ढिगात वॉलमार्टच्या छापाचे कपडे सापडले. कंपनी म्हणाली, आमच्या पुरवठादारानं आम्हाला न विचारता तिथं काम दिलं. म्हणजे दुकान, दुकानाचा पुरवठादार, पुरवठादाराचा ठेकेदार, आणि शेवटी मशीनवर बसलेली बाई. ती बाई आणि दुकान यांच्यात इतके हात, की जबाबदारी कुणाचीच उरत नाही. या आगीच्या दीड वर्ष आधी ढाक्यात कारखान्यांच्या सुरक्षेसाठी जास्त पैसे देण्यावर बैठक झाली होती. तिथं वॉलमार्टच्या माणसानं हा खर्च ब्रँडना परवडणारा नाही असं सांगितल्याची नोंद त्या बैठकीच्या इतिवृत्तात आहे. २०१३ मध्ये राणा प्लाझा इमारत कोसळून अकराशेहून जास्त माणसं गेली. त्यानंतर अनेक कंपन्यांनी कामगार संघटनांबरोबर बंधनकारक करार केला. वॉलमार्टनं त्यावर सही केली नाही. दुसऱ्या काही कंपन्यांना घेऊन स्वतःची वेगळी योजना काढली.

हे सगळं सातासमुद्रापार, असं वाटेल. पण २०१८ साली वॉलमार्टनं सोळाशे कोटी डॉलरना आपल्या फ्लिपकार्टचा सत्त्याहत्तर टक्के हिस्सा घेतला. आणि २०२१ मध्ये फ्लिपकार्टनं केंद्राच्या ग्रामीण विकास मंत्रालयाबरोबर करार केला, बचत गटांचा माल ऑनलाइन विकण्यासाठी. आपल्या अभियानातल्या काही गटांना त्याबद्दल माहिती मिळालीही असेल. आम्ही त्याला वाईट म्हणत नाही. ऑनलाइन बाजारात दर विकणाऱ्यानं ठरवायचा असतो, ही त्यातली बरी बाजू. फक्त कमिशन, कुरिअर आणि परत आलेला माल, हे तिन्ही धरून मगच दर लावायचा. नाहीतर पाकीट विकलं जातं आणि गल्ला रिकामाच.

आता परत आमच्या कागदाकडं येतो. दराच्या खाली बारीक अक्षरात बरंच काही होतं, ते त्या सुनेनंच वाचून दाखवलं. पैसे साठ दिवसांनी. न खपलेला माल आमच्या खर्चानं परत. 'एकावर एक'ची योजना लावली तर तिचा भार आमच्यावर. कोषाध्यक्ष वहिनींनी पुन्हा वही उघडली. तीन हजार पाकिटं म्हणजे सहाशे किलो, खर्च एक लाख ४४ हजार. दोन महिने पैसे अडकले की दोन लाख ८८ हजार. हे गटाच्या कर्जातून काढायचे. महिन्याला शंभराला एक रुपयानं व्याजच होतं २,८८०. आणि चार जणींची महिन्याची मजुरी मिळून बारा हजार. म्हणजे मजुरीतला जवळपास चौथा हिस्सा व्याजात.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीचा फराळ एका दुकानाला दिला होता. पैसे पाच महिन्यांनी मिळाले, आणि खवट झालेली पाकिटं होळीला परत आली. तेव्हा आम्हाला कायदा माहीत नव्हता. आता माहीत झालाय, तो तुम्हीही लिहून घ्या. २००६ च्या सूक्ष्म, लघू आणि मध्यम उद्योग कायद्याप्रमाणं नोंदणी असलेल्या लहान उद्योगाचे पैसे लेखी करार नसेल तर पंधरा दिवसांत, आणि करार असला तरी जास्तीत जास्त पंचेचाळीस दिवसांत द्यावेच लागतात. करारात साठ लिहिले तरी ते चालत नाहीत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दरानं व्याज लागतं, तेही दरमहा चक्रवाढ. यासाठी उद्यम नोंदणी हवी. ती ऑनलाइन आणि मोफत होते, आणि त्यात बचत गट हा प्रकार वेगळा दिलेला आहे. कुणी हजार-पाचशे मागितले तर देऊ नका.

तीन बैठका झाल्या. भांडणही झालं, खोटं कशाला सांगा. दोन गट म्हणाले, मिळतंय ते घ्या, घरी बसून शंभर तरी मिळतील. ज्यांच्याकडे शेत नाही आणि लहान पोरामुळं खुरपणीला जाता येत नाही, त्यांचं म्हणणं चूक तरी कसं म्हणायचं? शेवटी ठरलं ते असं. दर बासष्ट रुपये. त्यानं किलोमागं सत्तर आणि दिवसाला साडेतीनशे मजुरी सुटते. पैसे पंचेचाळीस दिवसांत. आमच्याकडून खराब गेलेला माल सोडला तर परत काही नाही. योजनेचा भार दुकानाचा. आणि महिन्याला तीन हजार नाही, हजारच पाकिटं, कारण एकूण चटणीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त माल एकाच गिऱ्हाइकाला द्यायचा नाही, असा ठराव आम्ही प्रोसिडिंगमध्ये लिहून घेतला. तो ठराव लिहायला त्या सुनेनंच पेन हातात घेतलं.

पत्र मागच्या सोमवारी गेलं. उत्तर अजून आलेलं नाही. उद्यम नोंदणीसाठी अध्यक्ष काकूंचा आधार मोबाइलला जोडलेला नव्हता, तेवढं काम गुरुवारी तालुक्याला जाऊन करून घ्यायचं आहे. ज्या गटांना बरोबर यायचं असेल त्यांनी गटाचं पॅनकार्ड आणि बँकेचं पासबुक घेऊन सकाळच्या पहिल्या एसटीला थांब्यावर यावं.